चित्राची मान कशी वळते? कारखान्यातील सुरक्षा-शिक्षणासाठी एक सुबोध पाठ

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर आणि देशोदेशी जाणारा टेरी टॉवेल ही या परिसराची ओळख होय. येथील यंत्रमागांवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार शेजारी शेजारी उभे राहून काम करतात. एकाच छपराखाली चार भाषा नांदतात, हे सोलापूरचे वैभव आहे. परंतु सुरक्षेची सूचना देण्याची वेळ येते, तेव्हा हेच वैभव एक अवघड प्रश्न होऊन समोर उभे राहते.

१८ मे २०२५ रोजी पहाटे या वसाहतीतील टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत एक लहान मूलही होते. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. मात्र आग लागल्यावर बाहेर कसे पडावे, हे प्रत्येक कामगाराला, आणि कारखान्याच्या आवारात राहणाऱ्या त्याच्या कुटुंबीयालाही, आधीपासून ठाऊक असले पाहिजे, या गोष्टीचे महत्त्व त्या घटनेने पुन्हा एकदा अधोरेखित केले. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ ने हे तत्त्व फार पूर्वीच मांडले होते. आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असणे पुरेसे नाही, तो मार्ग सर्व कामगारांच्या परिचयाचा असावा आणि त्या वेळी काय करावे याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले असावे, असा त्या तरतुदीचा आशय होता.

हे शिक्षण द्यायचे कसे? भिंतीवरचा फलक सर्वांना वाचता येईल असे नाही. तोंडी सूचना मागांच्या खडखडाटात ऐकू जाईल याचाही भरवसा नाही. विणकर एकमेकांशी बोलतात ते बरेचसे हातवाऱ्यांनी आणि नजरेनेच. म्हणूनच जे चित्र नजरेने बोलते, ते अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडते. पडद्यावरील पात्राने दाराकडे मान वळवली की पाहणाऱ्याची नजर आपोआप दाराकडे जाते. तेथे भाषेचा अडसर राहत नाही. असे मान वळवणारे चित्र संगणकावर कसे तयार करावे, याची सोपी पद्धत प्रस्तुत लेखात सांगितली आहे. शाळेतील शिक्षक, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर काम करणारे होतकरू तरुण यांना ती सहज आत्मसात करता येईल.

जुन्या कलेचे नवे रूप

चित्राला सांधे देऊन हलवण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. कळसूत्री बाहुलीचा कलावंत बाहुली प्रत्येक प्रसंगासाठी नव्याने कोरीत नाही. एकदा घडवलेल्या बाहुलीला तो दोऱ्या बांधतो आणि त्या दोऱ्यांच्या आधारे तिच्याकडून शेकडो प्रसंग करवून घेतो. जर्मनीत लोटे रायनिगर या कलावतीने कागदाच्या सांधेदार छायाकृती कातरून १९२६ साली संपूर्ण लांबीचा छायाचित्रपट तयार केला, त्यामागेही हेच तत्त्व होते.

महाराष्ट्रात चलच्चित्रांचा प्रारंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून झाला. १९१५ साली त्यांनी आगकाड्या एकेक पाऊल सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने व्यंगचित्रपटांचा विभाग उघडला आणि डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुण चित्रकारांना शिक्षण दिले. त्या विभागातून पुढे आलेले राम मोहन यांनी १९९० च्या दशकात ‘युनिसेफ’साठी ‘मीना’ या बालिकेचे रूप घडवले. मुलीला शाळेत पाठवा, तिला भावाइतकेच जेवण द्या, हात स्वच्छ धुवा, अशा गोष्टी मीनाने दक्षिण आशियातील अनेक भाषांतून घरोघरी पोहोचवल्या. चित्रातील एक मुलगी लोकशिक्षणाचे किती मोठे कार्य करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्या काळी मीनाची मान वळवायची झाली तर चित्रकारांना त्या हालचालीची चित्रे एकामागून एक हाताने काढावी लागत. हे काम कुशल हातांचे, वेळखाऊ आणि खर्चिक होते. जिल्ह्याच्या ठिकाणी ते करणे जवळजवळ अशक्यच असे. आज संगणकावरील सांगाड्याच्या पद्धतीने हे श्रम पुष्कळच कमी केले आहेत.

सांगाडा म्हणजे काय?

या पद्धतीस व्यवसायात ‘रिगिंग’ म्हणतात. सोलापूरच्या वाचकाला ती जॅकार्डच्या उदाहरणावरून चटकन समजेल. पत्त्यांच्या जॅकार्डमध्ये दोऱ्यांची बांधणी एकदाच, पण अत्यंत काळजीपूर्वक करावी लागते. एकदा ती बांधणी झाली की पत्ते बदलून नक्षी बदलता येते; प्रत्येक चादरीसाठी दोऱ्या नव्याने बांधाव्या लागत नाहीत. रिगिंग ही चित्राची अशीच बांधणी होय. पात्राचे डोळे, नाक, तोंड, कान, केस हे भाग निरनिराळ्या स्तरांवर काढावयाचे आणि ते संगणकातील अदृश्य ‘हाडां’ना जोडावयाचे. पुढे हाड हलवले की त्याला जोडलेला भाग हलतो. चित्र पुन्हा काढावे लागत नाही.

यासाठी ब्लेंडर, सिनफिग स्टुडिओ आणि ओपनटून्झ ही सॉफ्टवेअरे विनामूल्य उपलब्ध आहेत. ब्लेंडर २००२ पासून आणि ओपनटून्झ २०१६ पासून मुक्त स्वरूपात सर्वांना खुले झाले. मोहो हे सशुल्क सॉफ्टवेअर मुख्यतः सांगाड्याच्या पद्धतीवरच आधारलेले आहे. प्रत्येकातील आज्ञांची नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे. म्हणून येथे एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरची कृती न देता तत्त्व सांगितले आहे.

वळणाचे गणित

सपाट कागदावरचे डोके वळल्याचा भास का होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. डोके हा ढोबळमानाने एक गोल आहे अशी कल्पना करावी. चेहऱ्याचे सगळे भाग या गोलावर सारख्याच खोलीवर नसतात. नाकाचे टोक पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ असते, डोळे त्याहून किंचित मागे, कान गोलाच्या मध्यावर, आणि अंबाडा सर्वांत मागे. डोके वळते तेव्हा जो भाग जितका पुढे, तितका तो अधिक सरकतो. मध्यावरचा भाग जवळजवळ जागीच राहतो. आणि मागचा भाग उलट दिशेने जातो. सगळे भाग सारख्याच अंतराने सरकवले, तर डोके वळल्यासारखे न वाटता चेहऱ्याचा मुखवटा बाजूला घसरल्यासारखा दिसतो. नवशिक्याच्या कामात सर्वाधिक आढळणारा दोष हाच होय.

हे प्रमाण शालेय त्रिकोणमितीने काढता येते. डोक्याच्या गोलाची त्रिज्या १०० एकक मानू आणि डोके ३० अंशांनी वळवू. ३० अंशांची ज्या म्हणजे साइन अर्धा असतो. त्यामुळे मध्यरेषेवरचा कोणताही भाग त्याच्या खोलीच्या निम्मा सरकतो. नाकाचे टोक गोलाबाहेर थोडे पुढे, म्हणजे ११० एककांवर आहे असे धरल्यास ते ५५ एकके सरकेल. डोळ्यांची खोली सुमारे ९२, म्हणून दोन डोळ्यांचा मध्यबिंदू ४६ एकके सरकेल. तोंड हनुवटीकडे उतरलेले असल्याने त्याची खोली सुमारे ८७. ते ४३ एकके सरकेल. कानांची खोली शून्य धरली, तर त्यांना या हिशेबाने सरकण नाही. अंबाडा १०० एकके मागे असल्याने तो ५० एकके उलट दिशेने जाईल.

नाकाची सरकण १ मानली तर डोळ्यांचे प्रमाण सुमारे ०·८४, तोंडाचे ०·७८, कानांचे शून्य आणि अंबाड्याचे उणे ०·९ येते. संपूर्ण पाठाचा गाभा या चार-पाच आकड्यांत आहे.

याखेरीज दुसरी एक गोष्ट घडते. गोल वळला की बाजूचे भाग आकसल्यासारखे दिसतात. मध्यापासून ४० एककांवर असलेल्या डोळ्यांमधील अंतर ८० वरून सुमारे ६९ वर येते. ज्या दिशेने मान वळली त्या बाजूचा, म्हणजे दूरचा डोळा, रुंदीने जवळजवळ दोन-तृतीयांश उरतो. जवळचा डोळा मात्र होता तेवढाच, किंबहुना किंचित रुंद दिसतो. कानांच्या बाबतीत, जवळचा कान कडेपासून थोडा आत येऊन गालावर स्पष्ट दिसू लागतो आणि दूरचा कान डोक्याआड जातो. एवढे बदल झाले की पाहणाऱ्याचे मन उरलेले काम स्वतःच पूर्ण करते.

प्रत्यक्ष कृती

उदाहरणासाठी यंत्रमागावर काम करणारी एक ‘ताई’ हे पात्र घेऊ. कपाळावर कुंकू, मागे अंबाडा, डाव्या खांद्यावरून घेतलेला आणि कमरेला घट्ट खोचलेला पदर. सैल पदर यंत्रात अडकू शकतो. म्हणून सुरक्षेची शिकवण पात्राच्या वेषापासूनच सुरू व्हावी. कृतीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला टप्पा : ताईचा चेहरा अगदी समोरून काढावा. अंबाडा, दोन्ही कान, डोक्याचा आकार, तोंड, नाक, डोळ्यांची पांढरी बाजू, बुबुळे, पापण्या, भुवया, कुंकू आणि पुढचे केस हे सर्व स्वतंत्र स्तरांवर असावेत. मागचा स्तर खाली आणि पुढचा वर, असा क्रम ठेवावा. प्रत्येक भाग दुसऱ्याच्या आड लपतो तेथेही तो पूर्ण काढलेला असावा. अन्यथा भाग सरकताच मधे पोकळी दिसते.

दुसरा टप्पा : मानेच्या तळापासून हनुवटीच्या पातळीपर्यंत ‘मानेचे हाड’ ठेवावे. त्याच्या टोकापासून माथ्यापर्यंत ‘डोक्याचे हाड’ ठेवावे आणि ते मानेच्या हाडाचे अपत्य करावे. मान कलली की डोके सोबत कलते, ते या नात्यामुळे.

तिसरा टप्पा : नाक, डोळे, तोंड, पुढचे केस, डावा कान, उजवा कान आणि अंबाडा यांसाठी प्रत्येकी एक लहान हाड ठेवावे. ही सर्व डोक्याच्या हाडाची अपत्ये होत. भुवया डोळ्यांच्या हाडाला, तर कुंकू पुढच्या केसांच्या हाडाला जोडले तरी चालते.

चौथा टप्पा : डोक्याच्या वर, चित्राबाहेर, आणखी एक हाड ठेवावे. तेही डोक्याच्या हाडाचेच अपत्य असावे. याला आपण ‘चालक हाड’ म्हणू. त्याला कोणतेही चित्र जोडू नये. त्याचे काम केवळ इतरांना हुकूम देण्याचे आहे.

पाचवा टप्पा : तिसऱ्या टप्प्यातील प्रत्येक लहान हाडाने चालक हाडाच्या सरकण्याचे अनुकरण किती प्रमाणात करावे, हे ठरवून द्यावे. नाक १, डोळे ०·८४, तोंड ०·७८, पुढचे केस सुमारे ०·६, कान शून्य, अंबाडा उणे ०·९. ब्लेंडरमध्ये व मोहोमध्ये हाडांवर बंधने घालून हे प्रमाण देता येते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय सापडत नसेल, तेथे डावीकडे वळलेली, समोरची आणि उजवीकडे वळलेली अशा तीन स्थिती हाताने बसवून जतन कराव्यात आणि त्यांचा उपयोग करावा.

सहावा टप्पा : प्रत्येक स्तर त्याच्या एकाच हाडाशी बांधावा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये जवळच्या सर्व हाडांचा प्रभाव चित्रावर आपोआप पडतो. ती सोय हातापायांना उपयोगी असली तरी चेहऱ्याला घातक ठरते. नाक हलताच गाल रबरासारखा ताणला जातो.

सातवा टप्पा : डोळ्यांचे स्तर डोक्याच्या आकाराच्या आतच दिसतील अशी मर्यादा घालावी. दूरचा डोळा अरुंद करण्यासाठी डोळ्यांच्या हाडाखाली प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र हाड देऊन त्याची रुंदी चालक हाडाशी जोडता येते. आरंभी एवढे साधले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही.

आठवा टप्पा : चालक हाड दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पाहावे. मग डोक्याचे हाड कलवून पुन्हा पाहावे. कलत्या स्थितीतही चेहरा नीट वळला, तर बांधणी योग्य झाली असे समजावे.

ही पद्धत सुमारे ३० ते ३५ अंशांपर्यंतच विश्वासार्ह आहे. त्यापुढे नाकाची बाह्यरेषा, गालाचा उंचवटा आणि हनुवटी यांचे आकारच बदलतात. पूर्ण बाजूचा चेहरा हवा असेल, तर तो स्वतंत्रपणे काढून पापण्या मिटलेल्या क्षणी बदलावा. सुरक्षा-शिक्षणासाठी मात्र पाऊण चेहऱ्याचे वळण सहसा पुरेसे होते.

वळणाचा काळ

चित्र वळले म्हणजे ते जिवंत झाले असे नव्हे. माणूस एखाद्या गोष्टीकडे पाहतो तेव्हा आधी त्याचे डोळे वळतात, मग डोके वळते. वळताना हनुवटी थोडी खाली येऊन पुन्हा वर जाते आणि बहुधा पापण्याही मिटतात. भारतीय दूरचित्रवाणीच्या प्रथेप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास पुढील क्रम उपयोगी पडतो. पहिल्या ३ फ्रेममध्ये केवळ बुबुळे सरकवावीत. चौथ्या फ्रेमपासून चालक हाड हलवण्यास आरंभ करावा. आठव्या फ्रेमच्या सुमारास डोके किंचित खाली आणि पापण्या मिटलेल्या असाव्यात. चौदाव्या फ्रेमला डोके इच्छित स्थळी पोहोचावे आणि पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये स्थिर व्हावे. हालचालीचा आरंभ व शेवट सावकाश, मधला भाग जलद, असा वेग ठेवावा.

त्यानंतर ताईने निदान ५० फ्रेम, म्हणजे २ सेकंद, त्याच दिशेने पाहत राहावे. करमणुकीच्या चित्रपटात हा काळ लांब वाटेल. शिक्षणात तो आवश्यक आहे. पाहणाऱ्याला तिच्या नजरेमागे जाऊन दार शोधण्यास तेवढा अवधी मिळालाच पाहिजे.

उजवे कोणते, डावे कोणते?

येथे एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. ताई आपल्याकडे तोंड करून उभी असते. तिचा उजवा हात म्हणजे पाहणाऱ्याची डावी बाजू. तिने ‘उजवीकडे जा’ असे म्हणत स्वतःच्या उजवीकडे मान वळवली, तर निम्मे प्रेक्षक एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला पाहतील. चुकीच्या दिशेने घेतलेली चार पावलेही धुरामध्ये महाग पडतात. यास्तव पात्राची मान नेहमी पडद्यावर दार जेथे दिसते तेथेच वळावी, आणि बोलण्यात उजवे-डावे हे शब्द टाळून ‘निळ्या दाराकडे’, ‘पाण्याच्या टाकीच्या बाजूला’ अशा ठळक खुणा वापराव्यात. तसेच वेळ वाचवण्यासाठी संपूर्ण चित्र आरशाप्रमाणे उलटे करू नये. तसे केल्यास पदर उजव्या खांद्यावर जातो, फलकांवरील अक्षरे उलटतात आणि दारही चुकीच्या बाजूला दिसू लागते.

सांगाड्याच्या पद्धतीचा खरा लाभ भाषांतराच्या वेळी दिसतो. एकच वाक्य मराठीत तीन सेकंदांचे, तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये कमी-अधिक लांबीचे होते. आणि ‘दार’ हा शब्दही निरनिराळ्या क्षणी येतो. हाताने काढलेल्या चित्रांत हा बदल करणे म्हणजे पुन्हा सारी चित्रे काढणे. सांगाड्यात मात्र चालक हाडाच्या हालचालीची खूण काही फ्रेम पुढे किंवा मागे सरकवली की काम भागते. ओठांसाठी पाच-सहा आकार पुरेसे होतात : प, ब, म यांसाठी मिटलेले; आ-साठी उघडे; ई-साठी ताणलेले; उ आणि ओ यांसाठी गोल; आणि स, त यांसाठी दात किंचित दिसणारे. हे आकार चारही भाषांना चालतात. एका ताईने चार भाषा बोलाव्यात, याहून सोलापूरला साजेशी दुसरी गोष्ट कोणती?

प्रत्येक कारखान्याचे स्वतःचे दार

सर्वसाधारण सुरक्षापटात एक उणीव असते. त्यातील दार कोणत्या तरी दुसऱ्याच कारखान्याचे असते. कामगाराला हवे असते ते स्वतःच्या छपराखालचे दार. ताईचे चित्र पारदर्शक पार्श्वभूमीवर तयार केलेले असल्याने ते कोणत्याही छायाचित्रावर ठेवता येते. प्रत्येक कारखान्याने आपल्या विभागाची, आपल्या मागांमधील वाटेची, आपल्या दाराची आणि बाहेर जमण्याच्या जागेची चार-पाच छायाचित्रे काढून द्यावीत. जिल्ह्यातील तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षातील विद्यार्थ्यांनी त्यांवर तीच ताई उभी करून तिची मान त्या कारखान्याच्या खऱ्या दाराकडे वळवावी. बांधणी एकदाच, दारे मात्र जितके कारखाने तितकी.

दोन मिनिटांच्या अशा पटात सांगावयाच्या गोष्टी थोड्याच असाव्यात. धूर दिसताच ओरडून व खुणेने इतरांना सावध करावे. शक्य असेल तर मुख्य वीजपुरवठा बंद करावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. धूर वर साचतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत निघावे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते तापले आहे काय ते पाहावे. वस्तू घेण्यासाठी परत आत जाऊ नये. बाहेर ठरलेल्या जागी जमून सर्वांची गणती करावी आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. यांपैकी प्रत्येक सूचनेला ताईची एक नजर आणि एक हालचाल असावी. अधिक शब्द नसावेत.

हा पट कामगारांपर्यंत नेण्याचा मार्ग सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तसाच एकेक कोड हजेरीच्या जागी आणि मागाच्या खांबावर, प्रत्येक भाषेसाठी एक असा, लावता येईल. कामगार तो पट आपल्या भ्रमणध्वनीवर घरीही पाहू शकेल. आणि जी मुले कारखान्याच्या आवारात राहतात, तीही तो पाहतील. आसपासच्या गावांतून अनेक जण रोज या वसाहतीत कामाला येतात. त्या गावांच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेच्या वेळी हा पट दाखवल्यास गावातील गोडाऊन, गोठा, कडब्याच्या गंजी आणि शाळा यांच्या सुरक्षेचाही विचार त्यातून सुरू होईल.

मर्यादा आणि कर्तव्य

या साधनाकडून भलती अपेक्षा मात्र करू नये. चित्रातील ताईने दाराकडे पाहिले, पण प्रत्यक्षातील दारासमोर धाग्यांच्या गोण्या रचलेल्या असतील किंवा त्याला बाहेरून कुलूप असेल, तर त्या चित्राचा काडीचाही उपयोग नाही. उलट ते चित्र खोटी ग्वाही देणारे ठरेल. म्हणून छायाचित्र काढण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या शिक्षकाने दार उघडते काय, वाट मोकळी आहे काय, हे प्रथम पाहावे. ज्या दाराकडे चित्राची मान वळवायची, ते दार खरोखर उघडे असल्याखेरीज पट पुरा करू नये, असा नियमच करावा. त्याचप्रमाणे पट दाखवल्यानंतर त्याच दिवशी सर्वांना त्या वाटेने एकदा प्रत्यक्ष चालवून बाहेर न्यावे. पाहिलेले विसरते, पायांनी चाललेले लक्षात राहते.

राज्य शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृक्‌परिणाम आणि गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या उद्योगाची वाढ मोठ्या शहरांतील मोठ्या स्टुडिओंतून होईल हे खरे. तथापि या विद्येचे एक छोटेसे अंग, म्हणजे दहाएक हाडांचा एक सांगाडा आणि चार-पाच आकड्यांचे एक प्रमाण, जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत शिकवण्याजोगे आहे. त्यातून विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीचा प्रत्यक्ष उपयोग समजेल, होतकरूंना एका नव्या व्यवसायाची ओळख होईल आणि मागांच्या गलबल्यात उभ्या असलेल्या विणकराला, तो कोणतीही भाषा बोलत असो, आपल्या सुटकेचे दार कोठे आहे ते आधीच ठाऊक होईल.

येत्या सत्रात अक्कलकोट रोड परिसरातील एखाद्या शाळेने एका कारखान्याचे, एका दाराचे आणि एका ताईचे चित्र पूर्ण करावे. मग त्याच बांधणीवर दुसऱ्या कारखान्याचे दार चढवण्यास फार दिवस लागणार नाहीत.